हरकतीचा रकाना

अप्पांना जाऊन उद्या साठ दिवस पुरे होणार होते, आणि त्याच्या आत बंदुकीचं काय ते ठरवा, असं पोलिस ठाण्याचं पत्र होतं. ठरवायचं म्हणजे दोनच गोष्टी. वारसांपैकी कुणीतरी ती आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर ठाण्यात नेऊन जमा करायची. एवढ्याशा गोष्टीला साठ दिवस कशाला लागतात, असं परक्या माणसाला वाटेल. परक्या माणसाला हे घराणं ठाऊक नाही. अप्पांच्या फोटोला चौकट कुठल्या रंगाची घ्यायची यावर इथे तीन आठवडे गेले होते, आणि फोटो अजून पाकिटातच होता.

तर एकोणसाठाव्या दिवशी, रविवारी सकाळी, सगळे दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात जमले. शाळेला सुट्टी होती. भिंतीवर वळणांच्या आणि चढांच्या पाट्या, कोपऱ्यात गाडीतून उपटून आणलेलं एक स्टिअरिंग लोखंडी स्टँडवर बसवलेलं, आणि मधल्या लांब टेबलावर वहिनींनी वर्तमानपत्र पसरून ठेवलेलं. आक्का बसने आली. मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला बंदुकीचा दस्ता होता. शेजारच्या बाईने विचारलंही, "बॅट का?" आक्का म्हणाली, "हो, भावाची मॅच आहे."

आता दस्ता तेवढा आक्काकडे कसा, हेही सांगायला हवं. अप्पा बँकेचे पहारेकरी, बंदूक त्यांची स्वतःची, दुनळी. तीस वर्षांत ती एकदाच उडाली, तीही चुकून, आणि मॅनेजरच्या डोक्यावरचा पंखा खाली आला. त्या दिवसापासून मॅनेजर आपणहून अप्पांना नमस्कार करायचा. अप्पा निवृत्त झाले तेव्हा बंदूक पुढे कुणाची यावरून दोन मुलग्यांची जुंपली. बाप समोर धडधाकट बसलेला, आणि हे वाटणी करतायत! अप्पांनी शांतपणे बंदूक उघडली, तिचे तीन भाग केले. नळी दादाला, दस्ता मागितला नव्हता तरी आक्काला, आणि नळीखालचं पुढचं लाकूड धाकट्याला. म्हणाले, "तिघं एका टेबलाशी बसाल तेव्हा ही बंदूक. एरवी तुमच्याकडे एक पाइप आणि दोन लाकडं."

हे कायद्यात बसत नव्हतं. ज्याचा परवाना त्याच्याच घरी, अख्खी, असा नियम. पण कायदा हा पहारा न केलेल्या माणसांसाठी असतो, असं अप्पांचं मत होतं. परवान्याच्या नूतनीकरणाला तिघांनी तुकडे घेऊन यायचं, बंदूक जोडायची, अप्पांनी ती ठाण्यात दाखवून आणायची, की पुन्हा तीन तुकडे तीन घरी. अकरा वर्षं हेच चाललं.

"आण तुझं," दादा धाकट्याला म्हणाला.

धाकटा चव्वेचाळीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि घरात अजून बारक्याच. त्याने पिशवीतून लाकूड काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. लाकडाच्या एका टोकाला हिरवा रंग ओघळून वाळला होता.

"हे काय रे?"

"दाराला लावतो आम्ही ते. वाऱ्याने आपटतं ना दार. मग दार रंगवलं तेव्हा..."

"बापाची बंदूक दाराला लावलीस?"

"बंदूक कुठे, दादा? लाकूड! अप्पाच म्हणाले होते लाकूड."

खुर्चीत बसलेली आई खुसखुसली. "बरं केलंस. मेली तीस वर्षं माझ्या पलंगाखाली झोपली. सवत नुसती. तिला तेल लावायला तुमच्या बापाला वेळ असायचा, माझे पाय दुखले तर डॉक्टरकडे जा म्हणायचा."

दादाने स्वतःची नळी पुढे ठेवली. ती अशी लखलखत होती की आईने तिच्यात पदर नीट करून घेतला. आक्काने चादर सोडली. टेबलाच्या त्या टोकाला वहिनी ठाण्याचा फॉर्म समोर घेऊन बसल्या होत्या. शाळेत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाचा अर्ज त्याच भरायच्या, त्यामुळे फॉर्म वहिनींकडे हे न सांगता ठरलेलं. दादाने नळी दस्त्यात अडकवली, वर दाबली, हिरवं लाकूड खालून बसवलं. खट् आवाज झाला. लाकडं आणि पाइप म्हणून इतका वेळ सगळे जिच्यावर हसत होते, ती एकाएकी बंदूक झाली. धाकट्याने चहाचा कप उचलून आपल्या बाजूला ओढला.

दादाने ती खांद्याला लावली आणि एक डोळा मिटून समोरच्या 'वाहन सावकाश हाका' पाटीवर नेम धरला. काही झालं नाही. व्हायला आत काडतूसच नव्हतं. पण वहिनी उठल्या, "चहा ठेवते," म्हणाल्या. चहा तर सगळ्यांच्या पुढ्यात होता.

आक्का त्यांच्या मागोमाग गेली. मागच्या चिंचोळ्या खोलीत शेगडी पेटवायची सोडून वहिनी नळाखाली रिकामी किटली धरून उभ्या होत्या.

"ताई, मी वारस नाही," वहिनी हळू म्हणाल्या. "त्या फॉर्मवर माझ्या सहीला जागाच नाही. सून म्हणजे कोण? घरात ती बंदूक कपाटात ठेवणारी आणि किल्ली शोधत बसणारी मी, पण विचारायचं तुम्हा तिघांना आणि आईंना."

"मी बघते."

"पण त्यांचं काही बोलू नका हं. शपथ घेतलीय तुम्ही."

घेतली होती. दीड महिन्यापूर्वी वहिनी हॉस्पिटलात आल्या होत्या, आक्का प्लास्टर घालायची त्या खोलीत. कुणा अनोळखी माणसाच्या घोट्यावर आक्का ओल्या पट्ट्या गुंडाळत होती, हात कोपरापर्यंत पांढरे. वहिनींनी तिथेच उभ्याउभ्या सांगून टाकलं. तो घोटेवालाही सगळं ऐकत होता, पण त्याला पळून जाता येत नव्हतं.

गेल्या वर्षी दादाच्या एका विद्यार्थ्याने, चांगला बँकेतला कॅशियर, ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी थेट न्हाव्याच्या दुकानात नेली. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर पळालं. न्हाव्याचा पाय मोडला. त्याला प्लास्टरही आक्कानेच घातलं. दादा शेजारीच होता, त्याच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक होता, तो दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला. शाळेचा परवाना सहा महिने बंद. त्या सहा महिन्यांत दादा रोज दुपारी या रिकाम्या वर्गात बसायचा आणि मांडीवर घेऊन नळी पुसायचा. एका दुपारी वहिनींना म्हणाला, "नळी आहे माझ्याकडे. बाकीचं त्या दोघांकडे. नाहीतर एव्हाना सुटलो असतो." आणि मग जणू काही भाजीला मीठ कमी आहे असं म्हटल्यासारखा जेवायला बसला.

म्हणून आक्काला ती बंदूक या घरात नको होती. कायद्याचा तिला काडीचा पुळका नव्हता. सिग्नल तोडल्याबद्दल तिने स्वतः चारदा दंड भरला होता आणि चारही वेळा हवालदाराशी भांडली होती. तिला भाऊ जिवंत हवा होता, एवढंच. आणि एवढंच बोलायची चोरी होती.

दोघी बाहेर आल्या तेव्हा दादाचं भाषण रंगात आलं होतं.

"माझं घर, माझं कपाट. कपाटात मी काय ठेवायचं हे तो ठाण्यातला टेबलामागचा माणूस ठरवणार? का? त्याच्या बापाचं कपाट आहे?"

"हे पटतं मला," धाकटा म्हणाला. तो सकाळपासून दादाच्या बाजूला होता, कारण त्याच्या मुलीला दादा पुढल्या महिन्यापासून गाडी शिकवणार होता.

आक्का बसली. "अरे, मग गाडी? ती कुणीही उठून चालवावी का? परवाना नको, परीक्षा नको?"

"गाडी वेगळी."

"कशी वेगळी?"

"गाडीने माणूस मरतो!"

मग धाकट्याच्या नाकातून चहा आला.

"आणि बंदुकीने काय होतं, दादा?" आक्का म्हणाली. "सर्दी?"

"हसा. हसा तुम्ही. मला म्हणायचंय, गाडी रस्त्यावर असते, चार लोकांत. तिथे नियम हवेत, मीच तर शिकवतो. बंदूक माझ्या घरात. तिचं मी काय करीन, कशाला करीन, त्यात लोकांचं काय जातं?"

लोकांचं काहीच जात नाही रे, आक्काला वाटलं. ओठांवर आलेलं तिने गिळलं. वहिनी फॉर्मची कडा बोटाने सरळ करत होत्या. ती सरळच होती.

धाकटा नाक पुसत म्हणाला, "तसं बघितलं तर दादा, आक्काचं पण खरंय. मी लिफ्टमध्ये पाटी लावतो, सहा माणसं. आठ घुसतात. वर म्हणतात, आमची मर्जी. आणि मध्येच अडकली की मर्जी कुठे जाते कोण जाणे, फोन मला येतो. परवा एक जण आतून ओरडत होता, सरकार काय करतंय म्हणून."

"मग काय, सगळ्यांनी जिने चढायचे?"

"सहांनी लिफ्टने जायचं. दोघांनी थांबायचं."

"तू आधी एका बाजूला उभा राहा, बारक्या," आई म्हणाली. "लहानपणापासून नुसता वर-खाली. धंदाही तसलाच शोधलास."

दादाने बंदूक टेबलावर आडवी ठेवली. त्याचा आवाज उतरला. "तुम्हाला नाही कळायचं. सहा महिने मी त्या परवान्याच्या ऑफिसात रोज जाऊन उभा राहिलो. साहेब जेवायला गेलेत. साहेब उठलेत. साहेब आहेत, पण शिक्का कपाटात आहे आणि किल्लीवाला रजेवर. एकोणीस वर्षं लोकांना शिकवतोय. चूक झाली, मान्य. न्हाव्याच्या घरी जाऊन पाय धरले मी त्याचे, जो धड होता तो. पण आपल्या हातात आपलं काही नाही, हे माणसाला एकदा कळलं ना..." तो थांबला. मग एकदम म्हणाला, "एक गोष्ट तरी माझी असू दे. कुणाला न विचारता माझी."

आक्काचा सगळा राग पातळ झाला. भाऊ खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच स्वातंत्र्य हवं होतं. पण त्या स्वातंत्र्याची नळी कुणीकडे वळणार, याची तिला धास्ती होती.

"आण तो फॉर्म," आई म्हणाली. "मोठा आहे, घेऊ दे. माझ्या पलंगाखालून गेली, मला पुरे." आणि तिने सही ठोकली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

धाकट्याने आईच्या सहीकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं, मुलीची गाडी आठवली असावी, आणि सही केली. "तसं कपाटातच तर राहणार आहे," असं स्वतःलाच सांगितलं.

फॉर्म वहिनींनी आक्कापुढे सरकवला. देताना त्यांचं बोट एका रकान्याखाली थांबलं. 'हरकत असल्यास कारण'. त्याखाली बारीक अक्षरांत: कारण न दिल्यास हरकत विचारात घेतली जाणार नाही.

आक्काने पेन उघडलं आणि तशीच बसली. कारण लिहायचं म्हणजे खरं लिहायचं. हा फॉर्म जाणार ठाण्याच्या ज्या टेबलावर, तिथूनच शाळेच्या परवान्यासाठी दादाच्या वर्तणुकीचा दाखला निघायचा, दर वर्षी. भावाला जीव नकोसा झाला होता, असं तिने लिहिलं की दोन ब्रेकच्या गाडीत त्याला कोण बसू देणार? तीन महिन्यांपूर्वी उघडलेली शाळा पुन्हा बंद, आणि मग उरलेलं आयुष्य तो पुन्हा या वर्गात काहीतरी पुसत बसणार. न लिहावं, तर बंदूक अख्खी, चापासकट, कपाटात. बरं, तोंडाने सांगावं, तर वहिनींची शपथ. देवा रे, प्लास्टर घालणं किती सोपं. मोडलेलं निदान फोटोत दिसतं तरी.

"काय विचार चाललाय एवढा?" दादा म्हणाला. "हरकत आहे का तुझी?"

"आहे."

"आहे?" दादाचे कान तांबडे झाले. "माझ्यावर विश्वास नाही? पस्तीस माणसं रोज माझ्या हाती जीव देतात, आणि सख्ख्या बहिणीला विश्वास नाही! सांग कारण. सांग ना. लिही तिथे, वाचू दे साहेबांना."

"लिहिते. ओरडू नकोस."

आणि ती लिहायला लागली. रकाना चार ओळींचा होता, आक्काचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, तेव्हा मजकूर समासातून वळून पाठीमागे गेला. धाकटा मान लांब करून वाचायला बघत होता, तिने हाताने झाकून घेतलं, शाळेत पेपर झाकायची तसं. सही केली, कागद दादापुढे टाकला.

"वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना कळू दे."

दादाने चष्मा लावला.

"'मी अर्जदाराची सख्खी बहीण असून माझे त्याच्या घरी नेहमी येणे-जाणे असते. मी स्वभावाने अत्यंत तापट आहे...' हे खरं आहे. '...व अर्जदार हा अत्यंत बडबड्या आहे.' आक्का!"

"पुढे वाच."

"'घरात चालू स्थितीत बंदूक असल्यास एखाद्या दिवशी त्याची बडबड असह्य होऊन माझ्या हातून त्याला गोळी घातली जाईल, अशी मला स्वतःबद्दल पक्की खात्री आहे.'"

धाकटा टेबलावर हात आपटून हसायला लागला. "अगं, नोकरी जाईल तुझी! पोलिसांना लिहून देतेस, मी खून करीन म्हणून?"

"पाय मोडलेला माणूस प्लास्टरवालीचा स्वभाव विचारत नाही," आक्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

दादाही हसत होता. हसत हसतच त्याने कागद उलटा केला. "'तरी अर्जदाराच्या घरी बंदूक ठेवू देऊ नये ही विनंती. मला मोठा भाऊ एकच आहे...'"

तो थांबला.

"वाच ना," धाकटा म्हणाला.

"'मला मोठा भाऊ एकच आहे. तो गेला तर मला दुसरा मिळणार नाही.'"

हे त्याने वाचलं, आणि त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त आतून कुणीतरी काढून घेतल्यासारखं. त्याने आक्काकडे पाहिलं. मग फार सावकाश मान वळवून वहिनींकडे. वहिनींनी खाली पाहिलं नाही. सकाळपासून पहिल्यांदाच त्या त्याच्याकडे सरळ बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"तू सांगितलंस हिला," दादा म्हणाला.

"सांगितलं. मला भीती वाटते. तुम्ही कपाटाच्या खोलीत गेलात की मी बाहेर उभी राहून तुमचा खोकला ऐकते. खोकला नाही आला की दार वाजवते. रोज चहा का विचारते वाटलं तुम्हाला? तुम्ही काय दिवसाला नऊ कप चहा पिणारे आहात?"

धाकट्याचा हात टेबलावरच राहिला. तो मूर्ख नव्हता, नुसता उशिरा पोचायचा. त्याने बंदुकीकडे पाहिलं, मग फॉर्मवरच्या आपल्या सहीकडे, आणि त्याचा चेहरा पडला.

"काय झालं?" आई म्हणाली. "मला कुणी सांगेल का? काय लिहिलंय तिने?"

दादाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आक्काला वाटलं, आता हा कागद फाडणार. फाडला तर नवा फॉर्म उद्याच्या आत मिळायचा नाही, आणि मग काय होईल हे तिला माहीत नव्हतं. तिने टेबलाखाली साडीचा काठ मुठीत धरला.

दादाने पेन मागितलं. आक्काच्या मजकुराखाली बोटभर जागा उरली होती. तिथे त्याने, वर्गात फळ्यावर लिहायचा तशा नीट टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'वरील मजकूर खरा आहे. मी तिला लहानपणापासून ओळखतो.' खाली सही केली. सहीपुढे कंसात 'अर्जदार' लिहिलं.

"बंदूक जमा करायची, आई," तो म्हणाला. "तुझी मुलगी माझा खून करणार आहे."

"ते ती चार वर्षांची असल्यापासून म्हणतेय," आई म्हणाली. पण एवढं बोलून ती मोठ्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हात पुढे करून तिने त्याचं मनगट पकडलं, लहान मुलाला रस्ता ओलांडून नेताना धरतात तसं घट्ट.

"आता बरा आहे मी," दादा म्हणाला. कुणाला म्हणाला ते नक्की नव्हतं.

"मग आणखी बरा हो," आक्का म्हणाली. "आणि परत असलं काही मनात आलं तर माझ्याकडे ये. हॉस्पिटलात डॉक्टर आहेत, चांगले आहेत. मी बाहेर बसेन. आणि नाही आलास तर फरफटत नेईन, मला हाडं मोडता पण येतात."

दादाने मान हलवली. म्हणाला, "येईन."

धाकटा उठला. हात पॅन्टला पुसत म्हणाला, "उद्या सकाळी मी येतो सोबत. कामावर सांगतो. लिफ्ट अडकली तर अडकली."

"उद्या कशाला?" आक्का म्हणाली. "आजच जाऊ."

"अगं, रविवार आहे."

"ठाण्याला कसला रविवार?"

दादाने काही क्षण बंदुकीकडे पाहिलं. तिचे तुकडे करायला त्याचा हात सवयीने पुढे गेला, आणि आक्काने तो बाजूला केला. अख्खीच न्यायची होती. तिने स्वतःच ती चादरीत गुंडाळली. दादा गाडीची किल्ली शोधायला वळला. खिसे चाचपले, खण उघडून पाहिला, वर्तमानपत्र उचलून पाहिलं.

किल्ली वहिनींच्या हातात होती. त्या केव्हाच चपला घालून दारात उभ्या होत्या.